आयटीत लागला, म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर एक मोठा फलक आहे. शाळेतून शिकून पुढे गेलेल्या मुलामुलींचे फोटो, खाली नाव, दहावीचं वर्ष आणि आता काय करतात ते. दोन डॉक्टर, एक वकील, एक फौजदार, काही शिक्षक. सगळ्यात जास्त फोटो मात्र 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं लिहिलेले. दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभात मी मुलांना या फलकाकडे बोट दाखवून सांगत आलोय, "तुमचाही फोटो इथे लागला पाहिजे."

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो, खालच्या वर्गांना उर्दूही शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध निकालपत्रक आणि सरल पोर्टलपुरता. तरी गेली पंधरा वर्षं मी छातीठोकपणे सांगत होतो की पोरांनो, कॉम्प्युटरला जा, पुण्याला आयटी कंपनीत लागाल, घराचं भलं होईल.

मागच्या वर्षी त्या फलकावरचा एक मुलगा जुम्म्याच्या दिवशी माझ्या घरी आला. त्याची परवानगी घेऊन हे लिहितोय, नाव मात्र देत नाही. वडील पॉवरलूमवर कामगार. मुलगा हुशार, दहावीला मराठीत ८६ मार्क. पुढे इंजिनिअरिंग केलं, पुण्यातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीत लागला, तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले होते. माझ्याही घरी आले होते.

चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सर, नोकरी गेली. चार महिने झाले. घरी सांगितलेलं नाही."

चार महिने तो पुण्यात तशाच खोलीत राहत होता. दर महिन्याला घरी आठ हजार पाठवायचा, तेही पाठवतच होता. आधी साठवलेले, मग मित्रांकडून घेतलेले, शेवटी मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपमधून. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. 'भाऊ पुण्याला कंपनीत आहे' हे त्या सोयरिकीत आधी सांगितलं गेलं होतं आणि आता तारीख जवळ आली होती. "अब्बांना तुम्ही सांगा सर," तो म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही."

मी विचारलं, "पण नोकरी गेली कशी? तू नक्की करत काय होतास तिथे?"

आणि विचारता विचारता मलाच लाज वाटली. अडीच वर्षं तो तिथे होता. ईदला भेटायचा. मी दर वेळी विचारायचो, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "अल्हम्दुलिल्लाह, छान." तू तिथे काय काम करतोस हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. त्याच्या वडिलांनीही नाही. ज्या कामासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला ढकललं, ते काम काय असतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं मला ते समजावून सांगितलं. जे समजलं ते इथे मांडतो, कारण माझ्यासारखे शिक्षक आणि त्याच्या वडिलांसारखे पालक गावोगावी आहेत.

आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे काहीतरी नवीन बनवणारा. मोबाइलमधलं अॅप वगैरे. आयटी सेवा कंपनीत बहुतेकांचं काम तसं नसतं. अमेरिकेतल्या एखाद्या विमा कंपनीचं किंवा युरोपातल्या बँकेचं सॉफ्टवेअर आधीच चालू असतं, कधी कधी या मुलांच्या जन्माआधीपासून. ते चालू ठेवायचं, बिघडलं की दुरुस्त करायचं, त्यात थोडे बदल करायचे, ते बदल तपासायचे. हे काम ती बँक भारतातल्या कंपनीला देते. किती माणसं, किती तास, तासाला काय दर, असा बहुतेकदा हिशोब असतो. म्हणजे कंपनी वस्तू विकत नाही, माणसांचे तास विकते. ज्याचे तास विकले जातायत तो 'बिलेबल'. ज्याचे विकले जात नाहीत तो 'बेंच'वर. बेंच म्हणजे पगार चालू, पण काम नाही.

हा मुलगा दोन वर्षं एका परदेशी विमा कंपनीच्या सपोर्टवर होता. तिकडे कुणाची स्क्रीन अडकली की इकडे तिकीट यायचं. अमुक तासांत ते सोडवलं पाहिजे असा करार. त्यासाठी रात्रपाळी. मग त्या विमा कंपनीनं खर्च कमी करायचं ठरवलं, करार संपला, टीममधली चौदा माणसं बेंचवर आली. काहींना दुसरा प्रोजेक्ट मिळाला. याला दोन ठिकाणी मुलाखतीला पाठवलं, कंपनीच्या आतल्याच. तिथे नवीन तंत्रज्ञान येणारी माणसं हवी होती. यानं दोन वर्षं जुन्या सिस्टिमची तिकिटं सोडवलेली. दोन महिन्यांनी एका खोलीत बोलावलं. समोर एचआर. म्हणाले, राजीनामा दे, अनुभवाचं पत्र नीट देऊ, नाहीतर आम्ही काढू आणि तशी नोंद राहील. अर्ध्या तासात त्यानं सही केली. लॅपटॉप आणि ओळखपत्र तिथेच जमा.

हे ऐकताना मला सारखं काहीतरी ओळखीचं वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. हे तर आमच्या गावचंच काम आहे!

मालेगावचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं इथे येऊन वसली. आधी हातमाग, मग पॉवरलूम. आज शहराच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत उभं राहा, खटखट ऐकू येते. यातले कितीतरी कारखाने स्वतःचं कापड विणत नाहीत, मजुरीवर चालतात. व्यापारी सूत देतो, कारखानदार त्याचं कापड विणून देतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. कापड कुठे जाणार, किती किमतीला विकलं जाणार, याच्याशी कारखानदाराचा संबंध नाही, कामगाराचा तर नाहीच. व्यापाऱ्याकडून सूत आलं तर माग चालतात. मंदी आली, सूत थांबलं, की माग थांबतात. मागावरची बीम संपली आणि दुसरी लागली नाही, तर कामगार रिकामा बसतो.

आयटी सेवा कंपनी म्हणजे मजुरीवर चालणारा कारखानाच. सूत परदेशातलं, कापड परदेशातलं, विणणारे हात आपले. फरक आहेच. एसी आहे, पीएफ आहे, आरोग्य विमा आहे, पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो. बारा तास मागापुढे उभं राहून कानाला दडे बसण्यापेक्षा हे फार बरं, हे कुणी नाकारणार नाही. मला या कामाला कमी लेखायचं नाही. पण जात एकच आहे. पलीकडून काम आलं तर चालतं, नाही आलं तर थांबतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मनात शब्द जुळवत होतो. चाचांना बेंच, प्रोजेक्ट, बिलिंग हे काय कळणार? शेवटी मी म्हणालो, "चाचा, त्याच्या मागावरची बीम संपली. दुसरी लागली नाही. सेठनं घरी बसवलं."

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. आत चाचींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मग ते म्हणाले, "एवढंच ना? आमचं तर दर दोन-तीन वर्षांनी होतं. मग लपवलं कशाला यानं?" ते बोलले त्यांच्या मालेगावी उर्दूत, मी मराठीत देतोय. मग मुलाकडे वळून विचारलं, "कुणाचे किती द्यायचेत?" मुलगा रडायला लागला.

लपवलं कशाला, या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी ठाऊक होतं. त्यानं लपवलं कारण आम्ही त्याला फलकावर टांगलं होतं. माग थांबला म्हणून कामगार लाजत नाही. सगळ्या गल्लीला माहीत असतं की मंदी आहे. पण सॉफ्टवेअर इंजिनिअर झालेल्या मुलाला आम्ही 'पोहोचलेला' ठरवून टाकलं. जो पोहोचला त्याला परत यायची सोय नसते.

हा दोष मी आधी माझ्या माथी घेतो. मग समाजाच्याही.

आम्ही शिक्षक मुलांना अझीम प्रेमजींची गोष्ट सांगतो. धुळ्याच्या पुढे अमळनेरला १९४५ साली त्यांच्या वडिलांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ साली वडील वारले तेव्हा २१ वर्षांचे अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परत आले आणि पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. आपल्या खान्देशाच्या मातीतली गोष्ट, आपल्यातल्या माणसाची गोष्ट, सांगताना ऊर भरून येतो. इन्फोसिसचीही सांगतो, १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर कशी सुरू झाली ती. गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगाव्यातही. पण गोष्ट आम्ही मालकाची सांगतो आणि मूल पाठवतो कामगार म्हणून. कामगाराची गोष्ट त्याला कुणीच सांगत नाही. ऑफर लेटर कसं वाचायचं, पगार हातात किती येणार, बाँड म्हणजे काय, राजीनाम्यावर सही करण्याआधी काय विचारायचं, यातलं काहीही आम्ही सांगितलेलं नसतं.

पगाराचंच घ्या. 'साडेतीन लाखांचं पॅकेज' म्हटलं की मोहल्ल्यात तो आकडा लाखातच फिरतो. या मुलाचं पॅकेज होतं वर्षाला ३ लाख ६० हजार. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि 'मिळालं तर मिळेल' अशी एक रक्कम धरलेली. पुन्हा त्याच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात येत होते साधारण २४ हजार. वाकडला तिघांत एक खोली, त्याचे ७ हजार. मेस ४ हजार. येणं-जाणं, मोबाइल, कपडे मिळून ४ हजार. घरी ८ हजार. राहिले एक हजार. दोन वर्षांत पगार वाढला तो दोन हजारांनी. इकडे नातेवाईक विचारत होते, "अजून गाडी नाही घेतली?"

माझा एक मावसभाऊ २०१० च्या सुमारास अशाच एका कंपनीत लागला होता. तेव्हा त्याचं पॅकेज ३ लाखांच्या थोडं वर होतं. आज पंधरा वर्षांनी नव्या मुलाला साडेतीन-पावणेचार मिळतात. या पंधरा वर्षांत गोडेतेल, भाडं, इंजिनिअरिंगची फी कुठून कुठे गेली हे आपण बघतोच. म्हणजे ज्या नोकरीनं २००० सालच्या आसपास एका पिढीचं घर बांधून दिलं, ती नोकरी नावानं तीच आहे, पण आतून बदलली आहे. आपण मात्र मुलांना अजून त्या जुन्या नोकरीचं स्वप्न विकतोय.

नोकरीची शाश्वतीही तशी राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. जी कंपनी माणूस काढत नाही अशी ख्याती होती, तिनं. त्याच वर्षी बेंचवर राहायची मुदत वर्षाला ३५ दिवसांवर आणल्याच्याही बातम्या आल्या. आता एआय आलंय. तिकिटं सोडवणं, साधे बदल करणं, तपासणं, ही जी कामं नव्या मुलाला शिकण्यासाठी दिली जायची, त्यातली बरीच कामं यंत्राकडे जाऊ लागली आहेत. मालेगाव-भिवंडीला हे समजावून सांगायची गरज नाही. हातमागावर पॉवरलूम आला तेव्हा काय झालं आणि आता शटललेस माग आल्यावर काय होतंय, ते आम्ही पाहिलंय. काम संपत नाही, पण पहिल्यापेक्षा कमी हातांत होतं, आणि जो शिकत राहतो त्याच्या हातात राहतं.

आता एक अवघड गोष्ट. ही बातमी हळूहळू मोहल्ल्यात पसरली तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. "नाव बघून काढलं असणार." मी मुलाला सरळ विचारलं. तो म्हणाला, "नाही सर. त्या दिवशी माझ्यासोबत त्या खोलीबाहेर सात जण होते. मुसलमान मी एकटाच होतो. एक सांगलीचा, एक लातूरचा, दोघी नागपूरच्या, बाकी बाहेरच्या राज्यातले." मग थोडं थांबून म्हणाला, "नाव आड आलं ते खोली शोधताना. तिथे चार ठिकाणी फोनवर सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर 'घरमालकांना विचारून सांगतो' झालं. मालेगाव म्हटलं की आणखी एक प्रश्न यायचा."

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपण शिकलं पाहिजे. भेदभाव आहे. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आणि आपल्या राज्याच्या महमूदूर रहमान समितीचा अहवाल यांनी आपण शिक्षण-नोकरीत कुठे आहोत हे आकड्यांनिशी दाखवलंय. पण प्रत्येक अपयशाला तेच एक कारण लावलं की खरं कारण निसटतं. या मुलाची नोकरी धर्मामुळे गेली असं आपण धरलं असतं, तर तो सांगलीचा मुलगा आणि त्या नागपूरच्या मुली आपल्याला दिसल्याच नसत्या. त्यांचं आणि याचं दुःख एक आहे. आणि गंमत बघा, पुढे मदत झाली ती त्यांचीच. सांगलीच्या मुलानं त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. कुठे जागा आहे, कुठे मुलाखत आहे, हे त्यात यायचं. बोलणं सगळं मराठीत. नववीत असताना हाच मुलगा मला म्हणाला होता, "सर, कोडिंगला इंग्लिश लागते, मराठी शिकून काय करू?" आता तोच सांगत होता की ऑफिसात काम इंग्रजीत असतं, पण कँटीनमध्ये खरी माहिती मराठीत मिळते. मराठीच्या शिक्षकाला एवढं पुरेसं आहे!

मुलींबद्दल बोललं नाही तर हा लेख अर्धा राहील. फलकावर तीन मुलींचे फोटो आहेत. त्यातल्या एकीला २०२१ मध्ये नोकरी लागली, घरातूनच काम. आई-वडील खूश. मुलगी घरातल्या घरात, पगार बँकेत. तिनं दोन वर्षं उत्तम काम केलं. मग कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. पुण्याला एकटी कशी राहणार, असं घरचे म्हणाले. तिनं बरोबर राहायला मैत्रीण शोधली, मुलींचं वसतिगृह शोधलं, तरी नाही. तिनं राजीनामा दिला. तिची बीम संपलेली नव्हती. माग चालू होता, तो आपण थांबवला. कंपनीला बोलायचं असेल तर तिथे बोलू, पण इथे बोट आपल्याकडे वळतं. मुलाला वाकडला तिघांत खोली घेऊन राहू देणारे आपण, मुलीला सुरक्षित जागा शोधून देण्याइतकं तरी करू शकलो असतो.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. नोकरी गेल्यानंतर या मुलाला पुण्यात एक 'कन्सल्टन्सी'वाला भेटला. ५० हजार दे, चार वर्षांच्या अनुभवाचे कागद, पगाराच्या पावत्या, सगळं तयार करून देतो. असे लोक बरेच आहेत आणि घाबरलेली मुलं त्यांच्याकडे जातात. त्यानं मला विचारलं, "सर, सगळे करतात. चालेल का?" मी म्हणालो, त्या पगाराचा घास तुझ्या आईला घालताना तुला चालेल का ते बघ. पण नुसता हलाल-हरामचा उपदेश करून मी मोकळा झालो असतो तर तेही खोटंच ठरलं असतं. कारण मोबाइल अॅपचं कर्ज व्याजानं चढत होतं, तेही हरामच होतं आणि त्या वाटेला तो आमच्या अपेक्षांमुळे गेला होता. म्हणून आधी ते कर्ज फेडायचं ठरवलं. आम्ही चार शिक्षकांनी आणि त्याच्या मामानं मिळून बिनव्याजी पैसे उभे केले. बहिणीच्या सासरी चाचांनी स्वतः जाऊन खरं सांगितलं. लग्न मोडेल अशी भीती होती. मोडलं नाही. जेवणावळ साधी झाली एवढंच.

मुलाला पाच महिन्यांनी नाशिकच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर तपासायचं. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी. पण खोटा कागद एकही नाही. आणि नाशिक जवळ आहे, आठवड्याला घरी येता येतं.

मग करायचं काय? मुलांना आयटीत पाठवू नये असं मी म्हणत नाही. पन्नास लाखांहून अधिक माणसं या क्षेत्रात काम करतात. आपल्या मुलांनी तिथे जायलाच हवं, आणखी जास्त संख्येनं जायला हवं. फक्त डोळे उघडे ठेवून जावं.

आमच्या शाळेत आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. मालेगावात मागांची सुट्टी जुम्म्याला असते. महिन्यातून एका जुम्म्याला, नमाजनंतर, आयटीत काम करणारा एक माजी विद्यार्थी आठवी ते दहावीच्या मुलांशी आणि पालकांशी बोलतो. प्रत्यक्ष जमलं नाही तर मोबाइलवरून. भाषण नाही. फक्त काल दिवसभर काय काम केलं ते सांगायचं, आणि महिन्याचा हिशोब. पहिल्याच वेळी एका पालकानं विचारलं, "म्हणजे कंपनी तुमची मजुरी त्या गोऱ्यांकडून घेते आणि तुम्हाला अर्धी पण देत नाही?" मुलगा हसून म्हणाला, "चाचा, तुमचा सेठ काय करतो?" सगळे हसले. पण त्या दिवशी त्या खोलीतल्या पन्नास पालकांना आयटी कंपनी म्हणजे काय ते कळलं.

दुसरं म्हणजे कागद. मुलाला ऑफर आली की पेढ्यांआधी ती चिठ्ठी दोन जाणत्यांनी वाचावी. हातात येणारा पगार किती, बाँड किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे, सोडताना नोटीस किती दिवसांची. बऱ्याच ठिकाणी ती ९० दिवसांची असते आणि दुसरी चांगली नोकरी तेवढं थांबत नाही. रुजू व्हायची तारीख लिहिली आहे का, हेही बघावं, कारण ऑफर देऊन वर्षभर ताटकळत ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तिसरं, राजीनाम्याचा कागद समोर आला तर त्याच दिवशी सही करू नये. वेळ मागावा, म्हणणं ईमेलवर मागावं, पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीचं पत्र आधीपासून स्वतःजवळ ठेवावं. पुण्यात 'नाइट्स' नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, तिनं अशा तक्रारी केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेल्या आहेत. कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. 'मी इंजिनिअर, मी कसला कामगार' हा ताठा मुलांनी सोडला पाहिजे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याचा मोबदला द्यावा, ही आपल्या पैगंबरसाहेबांची शिकवण आपण मिंबरवरून लहानपणापासून ऐकत आलोय. तिच्यात मजूर हा शब्द कमीपणाचा नाही, हक्काचा आहे. एसीत बसणाऱ्याला घाम येत नसेल, पण रात्रपाळीचे डोळे त्याचेही चुरचुरतात.

चौथं, शिकणं थांबवू नये. पहिल्या प्रोजेक्टमध्ये जे मिळालं त्यावर बसून राहिलं की त्या मुलासारखी अडचण येते. हे तो स्वतःच सांगतो. दोन वर्षं दमून झोपत होतो, रोज एक तास नवीन काही शिकलो असतो तर त्या आतल्या मुलाखती गेल्या नसत्या, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हणालो, रात्रपाळी करून रोज एक तास शिकणं सोपं नसतं, सगळा दोष स्वतःवर घेऊ नकोस. तरी त्याचं म्हणणं मुलांनी ऐकावं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. घरी बोलता आलं पाहिजे. पालकांना जावा आणि पायथॉन कळायची गरज नाही. पण महिन्यातून एकदा "पैसे पाठवले का?" याऐवजी "काम आहे का, कसलं आहे, साहेब कसा आहे?" असं विचारता येतं. मागावरून आलेल्या माणसाला आपण हे विचारतोच. कंपनीतून आलेल्याला का विचारत नाही?

मुलाची नोकरी गेल्याचं शाळेत कळलं तेव्हा एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं की तूर्त त्याचा फोटो फलकावरून काढावा, नवीन लागल्यावर पुन्हा लावू. मी नको म्हणालो. मुख्याध्यापकांनीही ऐकलं. फोटो तिथेच आहे. फक्त त्याच्या खाली आता कंपनीचं नाव नाही. यंदाच्या निरोप समारंभात मी फलकाकडे बोट दाखवलं नाही. त्या मुलालाच बोलावलं होतं. तो बोलला, पुणं सांगितलं, बेंच सांगितला, अॅपचं कर्जही सांगितलं. मुलं एरवी भाषणात चुळबुळ करतात, त्या दिवशी कुणी केली नाही. शेवटी नववीतल्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "भाईजान, तरी पण जायचं का आम्ही?"

तो म्हणाला, "जायचं. पण जाऊन काय करतोय ते घरी सांगत राहायचं."